गुडघ्याची बखर

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मोडलेल्या हाडांवर एक अध्याय आहे. तळहाताचं हाड मोडलेल्या माणसासाठी त्यात एक सूचना आहे. हाड सांधलं की त्याच्या हातात आधी मातीचा गोळा द्यावा, तो पेलवू लागला की मिठाचा खडा, आणि ताकद आली की दगड. माझ्या फिजिओथेरपिस्टने मला आधी नुसता पाय सरळ उचलायला लावला, मग घोट्याला अर्ध्या किलोची वाळूची पिशवी बांधली, मग एक किलोची. ती म्हणाली, ‘मॅडम, हळूहळू वाढवायचं असतं.’ मी म्हटलं, ‘माहीत आहे गं, फार जुनं आहे हे.’ तिला ते पटलं नसावं.

मी मस्तगडला राहते, जालन्यात. शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते आणि खो-खो माझा खेळ. खांबाजवळ वळून दिशा कशी घ्यायची ते मुलींना दाखवत होते. पाऊल जमिनीत रोवलेलं राहिलं, अंग फिरलं आणि गुडघ्यात ‘कट’ असा आवाज झाला. एका दवाखान्यात ‘मुरगळलाय’ म्हणून पाय प्लास्टरमध्ये घातला. प्लास्टर निघालं तेव्हा सूज उतरलेली, मांडी वाळलेली, आणि वळलं की गुडघा निसटतोच आहे. मग एमआरआय झाला. गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध, ज्याला आता मैदानावरची सहावीतली पोरंही ‘एसीएल’ म्हणतात, तो तुटला होता आणि गादीही फाटली होती. संभाजीनगरला दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली. मांडीच्या मागच्या बाजूची शीर काढून तिचा नवा बंध गुडघ्यात ओवला. हे सगळं माझं जेवण व्हायला लागतो त्याहून थोड्याच जास्त वेळात झालं असं घरचे सांगतात. पुढचे महिने मात्र माझे होते, आणि त्यांत वाचनाला भरपूर सवड होती.

मस्तगड ही जालन्याची गढी. निजाम आसफजाहच्या हुकमावरून काबिलखानाने १७२३ ते १७२५ च्या सुमारास ती बांधली. चौकोनी तट, कोपऱ्यांना अर्धगोल बुरूज आणि आत दालनं-सज्जे असलेली एक विलक्षण विहीर, असं वर्णन जुन्या गॅझेटियरात आहे. पुढे तिथे नगरपालिकेची कचेरी आली. आज हे नाव वस्तीलाच चिकटलं आहे. आमचं घर जुन्या बांधणीचं: उंबरा उंच, जिना अरुंद, पायऱ्या खड्या. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हा नियम फिजिओथेरपिस्टने मला पहिल्याच दिवशी पाठ करायला लावला. संडास देशी. म्हणून खाली भोक असलेली कमोडची खुर्ची भाड्याने आणावी लागली.

भेटायला येणाऱ्या बायका दोन प्रकारच्या. एक विचारणाऱ्या, ‘वाटी बदलली का?’ दुसऱ्या सांगणाऱ्या, ‘कापाकापी कशाला केलीस, आमच्या गावाकडे हाडवैद्य होता.’ सासूबाईंचं माहेर परतूरकडचं. त्यांनी तर आंबेहळद, रक्तबोळ आणि तुरटीचा लेप उगाळूनही ठेवला होता. टाके होते म्हणून मी वाचले.

हाडवैद्याला हसायचं कारण नाही. मराठवाड्यात पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत झाडावरून, बैलगाडीवरून, विहिरीच्या धक्क्यावरून पडलेल्या माणसाला तोच आधार होता. निखळलेला खांदा झटक्यात बसवावा, मोडलेला हात ओढून सरळ करावा, बांबूच्या कांब्या लावून फडक्याने बांधावा, कांडवेलीचा लेप द्यावा, हे काम त्याच्याकडे बापाकडून लेकाकडे येई. तालमीतले वस्तादही यातलं बरंच जाणत. बोटांनी हाड चाचपून तुटीची जागा ओळखणारी ही माणसं होती. पण त्यांच्या बोटांना कळायचं ते हाड. गुडघ्याच्या पोटात, दोन हाडांच्या मधोमध, एकमेकांना फुलीसारखे छेदून जाणारे दोन बंध त्यांच्या बोटांना लागणं शक्यच नव्हतं. म्हणून गुडघ्याच्या प्रत्येक दुखण्याला एकच निदान होतं: वाटी सरकली. मग चोळायचं, बांधायचं, आणि पोराने कुस्ती किंवा आट्यापाट्या सोडायच्या. लंगडत का होईना, शेतावर जाता येत असे. कोणी त्याला रोग म्हणत नसे.

सुश्रुतालाही तो बंध दिसला नव्हता, हे सांगायला हवं. कारण आपल्याकडे सगळं आधीच होतं असं म्हणणाऱ्यांचा सध्या सुकाळ आहे. पण त्याने जे पाहिलं ते बारकाईने पाहिलं. हाडं मोडण्याचे बारा आणि सांधा निखळण्याचे सहा प्रकार तो सांगतो. वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन यांच्या साली आणि बांबू यांच्या पट्ट्या तो बांधायला सांगतो. थंडीत पट्टी सात दिवसांनी सोडून बांधावी, साधारण ऋतूत पाच, उन्हाळ्यात तीन दिवसांनी. मांडी किंवा नडगी मोडलेल्याला फळीवर निजवून पाच खुंट्यांच्या आधाराने पाय स्थिर ठेवावा. तरुणाचं हाड महिन्यात जुळतं, मध्यमवयाच्या माणसाला दुप्पट काळ लागतो, म्हाताऱ्याला तिप्पट. गुडघ्याला तो एक मर्मच मानतो. त्याला इजा झाली तर माणूस मरत नाही, लंगडा होतो. आणि सगळ्यांत शेवटी तो मातीचा गोळा. बांधणं आणि हलवणं, दोन्ही त्याच्या चिकित्सेत आहेत. पुढच्या शतकांनी बांधणं उचललं आणि हलवणं विसरून गेली.

आमच्या जिल्ह्याने मोडलेले पाय कमी पाहिले नाहीत. १८०३ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला आणि २३ तारखेला जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असईच्या मैदानावर इंग्रज सेनापती वेलस्ली आणि शिंदे-भोसल्यांच्या फौजा भिडल्या. एकट्या इंग्रजांच्या बाजूचे अकराशेहून अधिक लोक जखमी झाले. आपल्या बाजूचा हिशोब कोणी धड ठेवलाच नाही. त्या काळी गुडघ्यात गोळी शिरली की फौजेच्या डॉक्टरकडे एकच उपाय असे, मांडीतून पाय कापणं. भूल नाही. दारूचा घोट आणि धरून ठेवणारे चार जण. पुढे १८२७ पासून जालन्याला हैदराबाद कॉन्टिन्जंटची छावणी होती, ती १९०३ मध्ये उठली. मधल्या काळात नारायण शेषाद्री इथे आले. १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेला हा मराठी ब्राह्मण. त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती वसवली, आणि स्कॉटिश मिशनच्या त्या कामातून पुढे दवाखानाही उभा राहिला. जुन्या जालनेकरांना ‘मिशन हॉस्पिटल’ म्हटलं की पत्ता सांगावा लागत नाही.

भुलेची गोष्ट तर आमच्याच संस्थानातली. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन आणि तिथल्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांचं म्हणणं असं की क्लोरोफॉर्मने माणूस मरतो तो श्वास थांबून, हृदय थांबून नव्हे. तेव्हा भूल देणाऱ्याने नाडी धरून बसू नये, श्वासाकडे पाहावं. ते सिद्ध करायला १८८८ मध्ये एक आयोग बसला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला तो पटला नाही, म्हणून १८८९ मध्ये दुसरा बसला, आणि त्याच्या खर्चाला निजाम महबूब अलीखानाने पैसे दिले. ‘लॅन्सेट’ने पाठवलेले लॉडर ब्रंटन हैदराबादला येऊन लॉरीच्या बाजूचे होऊन परत गेले. लॉरीच्या शाळेत शिकलेली रूपाबाई फर्दुनजी ही जगातल्या अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी एक. लॉरी मात्र चुकला होता. क्लोरोफॉर्म हृदयही बंद पाडू शकतो हे लेव्ही नावाच्या संशोधकाने १९११ मध्ये दाखवलं. तरीही श्वासावर डोळा ठेवण्याची जी शिस्त त्याने लावली ती वाया गेली नाही. मला पाठीच्या कण्यात सुई दिली आणि कमरेखालचं अंग माझं राहिलं नाही, तेव्हा उशाशी बसलेल्या डॉक्टरीणबाई सारख्या माझ्याशी बोलत होत्या. मी त्यांना रूपाबाईंचं नाव सांगितलं. त्यांनी ते ऐकलेलं होतं, याचं मला फार बरं वाटलं.

भूल आली, जंतू मारता येऊ लागले, तेव्हाच गुडघा उघडायची हिंमत आली. एडिंबरोत ॲनंडेलने १८८३ मध्ये फाटलेली गादी शिवली. लीड्सच्या मेयो रॉबसनने १८९५ मध्ये एका खाणकामगाराचे दोन्ही बंध टाके घालून जोडले आणि काही वर्षांनी तो माणूस न लंगडता चालतो, धावतो असं लिहिलं. ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्जने १९१७ मध्ये टाके घालायचा नाद सोडला आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूची पट्टी आत ओवून नवाच बंध केला. माझ्या गुडघ्यात आज जे आहे त्याचं मूळ हे.

पण शस्त्रक्रियेनंतर काय? इथे शंभर वर्षं गोंधळ होता. लिव्हरपूलचा ह्यू ओवेन थॉमस, हाडं बसवणाऱ्यांच्याच घराण्यात जन्मलेला, सक्तीच्या आणि लांबलचक विश्रांतीचा कट्टर पुरस्कर्ता. त्याच्या नावाच्या लोखंडी चौकटीने पहिल्या महायुद्धात मांडीचं हाड मोडलेल्या असंख्य सैनिकांचे जीव वाचले, म्हणून त्याचा शब्द प्रमाण झाला. डच फौजेतल्या मॅथिसनने १८५२ च्या सुमारास प्लास्टरची पट्टी शोधली होतीच. हाडाला मानवलेला नियम सांध्यालाही लावला गेला. गुडघा आठवडेच्या आठवडे प्लास्टरमध्ये. बंध जुळायचा, पण गुडघा लाकूड व्हायचा. माझं पहिलं प्लास्टर त्या जुन्या नियमाचं शेपूट होतं, असं मी आता म्हणते.

हे कोडं कुठे सुटायला लागलं, तर जपानात. आणि या बखरीतला मला सगळ्यांत आवडणारा भाग तोच आहे. टोकियोत केंजी ताकागीने १९१८ मध्ये मूत्राशय तपासायची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. कशासाठी? तिथे गुडघ्याच्या क्षयाने माणसांचे सांधे आखडत होते. युरोपात ताठ गुडघ्याचा माणूस खुर्चीवर पाय लांब करून बसला असता. जपानी माणूस जमिनीवर बसून जेवतो, पाहुण्याचं स्वागत गुडघे टेकून करतो; त्याचा गुडघा आखडला की तो घरातून आणि समाजातून उठलाच. ताकागीला आजार लवकर ओळखायचा होता. त्याचाच शिष्य मासाकी वातानाबे. त्याने एकामागून एक दुर्बिणी केल्या, त्यातली एकविसावी चालली, आणि १९६२ मध्ये दुर्बिणीतून पाहत फाटलेल्या गादीचा तुकडा काढला. माझ्या गुडघ्यावर मोठी चीर नाही, दुर्बिणीसाठी पाडलेली बारकी भोकं आणि शीर काढायला घेतलेला छोटासा छेद आहे. याचं श्रेय जमिनीवर बसणाऱ्या माणसांच्या गरजेला आहे.

आपणही जमिनीवर बसणारीच माणसं. सपाट चालायला गुडघा साठ-पासष्ट अंश वाकला तरी पुरतो. जिना उतरायला नव्वदच्या आसपास. खुर्चीतून उठायला थोडा अधिक. पण मांडी घालून पंगतीत बसायचं, देवापुढे वाकायचं, देशी संडासावर उकिडवं बसायचं, तर एकशे तीसच्या पुढे जावं लागतं. खो-खोत तर आठ गडी पाटीवरच्या चौकोनांत उकिडवे बसूनच ‘खो’ची वाट पाहतात, बसल्या जागेवरून झेप घेता आली नाही तर तो गडी काय कामाचा? पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये या खेळाचे नियम बांधले, तेव्हा असं बसणं ही काही कसरत नव्हती. मुली घरी भांडी घासायला, चुलीपाशी, अशाच बसत. आता माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींच्या टाचा उकिडवं बसताना जमिनीला टेकत नाहीत. घरात डायनिंग टेबल आलं, संडासात कमोड आला. त्यांचे गुडघे चांगले राहतील की बिघडतील, यावर मी पैज लावणार नाही. पण खेळ कठीण झाला एवढं खरं.

सांध्याच्या कूर्चेला हालचाल लागते हे टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टरने १९७० च्या दशकात सशांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. आणि इंडियानापोलिसच्या शेलबर्न व निट्झ यांची १९९० ची गोष्ट तर प्रत्येक शिस्तप्रिय शिक्षकाने वाचावी. त्यांच्या लक्षात आलं की डॉक्टरांचं न ऐकणारे, पट्टा काढून टाकणारे, सांगितल्याआधी चालू लागणारे रुग्णच अधिक लवकर बरे होत होते. आज्ञाधारकांचे गुडघे आखडत होते. त्यांनी रुग्णांना रागावण्याऐवजी नियमच बदलला. पहिल्या दिवसापासून गुडघा सरळ करा, लवकर वजन द्या. माझ्या टाचेखाली पहिल्याच संध्याकाळी गुंडाळलेला टॉवेल आला तो त्यांच्यामुळे. मी रडले, तेही त्यांच्यामुळेच.

महाराष्ट्रात ‘गुडघ्याचं ऑपरेशन’ घराघरांत पोचलं ते १० ऑक्टोबर २००० ला. पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडीत डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला, पुढच्या जूनमध्ये उजवा. त्यानंतर ‘वाटी बदलणं’ हा पडवीतल्या गप्पांचा विषय झाला, आणि माझ्यासारखीलाही तोच प्रश्न येतो, जरी झिजलेला सांधा बदलणं आणि तुटलेला बंध नव्याने ओवणं यांचा एकमेकांशी संबंध नसला तरी. पुण्यात डॉ. के. एच. संचेती यांनी १९६५ मध्ये रुग्णालय काढलं आणि पुढे भारतीय रुग्णांसाठी ‘इंडस’ हा देशी बनावटीचा कृत्रिम गुडघा तयार केला. २०१२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

खेळाडूंना मात्र फार काळ यातलं काहीच मिळालं नाही. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक आणलं, १९५५ मध्ये ते पोलिसांत फौजदार झाले, आणि गुडघ्याच्या दुखापतीने त्यांची पुढच्या ऑलिंपिकची वाट बंद झाली. तेव्हा वातानाबेची ती एकविसावी दुर्बीणही तयार झाली नव्हती. २०१८ च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरी जालन्यात झाली. बाला रफिक शेखने अभिजित कटकेला हरवलं. मी बघत होते त्या गर्दीत गुडघ्याला पट्ट्या गुंडाळलेले मल्ल होते आणि त्यांच्यामागे मालिश करणारे होते. जुनं आणि नवं दोन्ही एकाच आखाड्याच्या कडेला उभं होतं.

आता पैशाचं बोलते, कारण बखरीत ते फार लिहीत नाहीत. मला पगारी रजा होती, नवरा होता, भाड्याने खुर्ची आणायची ऐपत होती. मोंढ्यातल्या हमालाचा किंवा सळईच्या कारखान्यातल्या मजुराचा बंध तुटला तर तो काय करेल? शस्त्रक्रिया एखाद्या योजनेतून होईलही. पुढचे व्यायाम कुठून करणार, आणि तोवर घर कोण चालवणार? तो आजही हाडवैद्याच्या काळातल्यासारखाच लंगडत पोतं उचलतो. संभाजीनगरचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे घाटी, १९५६ पासून आहे, जालन्याला तसं महाविद्यालय २०२४ मध्ये मिळालं. तिथे शस्त्रक्रियागृहाइतकाच मोठा व्यायामाचा विभाग व्हावा आणि तो संध्याकाळी, मजुरी सुटल्यावरही उघडा असावा.

आणि माझ्या पेशातल्या लोकांना एक विनंती. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, भारताचे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. भारताच्या मुली आणि मुलं दोघंही जिंकले. तेव्हापासून पालक स्वतःहून मुलींना मैदानावर सोडायला येतात. पण वळण्याच्या, उडी मारून उतरण्याच्या खेळांत मुलींचा गुडघ्यातला हा बंध मुलांपेक्षा कितीतरी अधिक वेळा तुटतो, हे आता जगभर मोजलं गेलं आहे. सरावाआधी वीस मिनिटं तोल, उडी आणि उतरणं शिकवणारे व्यायाम घेतले तर हे प्रमाण कमी होतं, आणि त्याला साहित्य लागत नाही. ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्यांच्याबद्दल नॉर्वे आणि अमेरिकेतल्या २०१६ च्या अभ्यासाने दाखवलं की मैदानावरचं परतणं नवव्या महिन्यापर्यंत पुढे ढकललं, तर प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा इजा होण्याचं प्रमाण निम्म्याने खाली येतं. आंतरशालेय स्पर्धा जवळ आली म्हणून मुख्याध्यापक सहाव्या महिन्यातच मुलीला संघात मागतील. त्यांना हा आकडा दाखवा, आणि नाही म्हणा.